गजाननच्या जोंगाचा क्लच

गजाननची जोंगा ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून पोलोग्राउंडच्या गॅरेजात आली, त्या दिवशी गजाननला जाऊन बावीस दिवस झाले होते.

पंढरीनाथ एका मेटाडोरच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून त्याने मान वर केली, फौजी हिरव्या रंगाचं ते चौकोनी नाक ओळखलं आणि पुन्हा मान खाली घातली. पण हातातला पाना काही केल्या नटावर बसेना.

जोंगा म्हणजे फौजेने वापरून लिलावात काढलेली गाडी. जीपपेक्षा दांडगी, चारही चाकांना जोर असलेली. अशा गाड्या जबलपूरकडून माळव्यात यायच्या आणि बस जिथे पोचत नाही तिथल्या हाटबाजाराची माणसं, कोंबड्या, कांद्याची पोती वाहायच्या. मिल बंद पडल्यावर दुसऱ्या दिवाळीला गजाननने ही घेतली होती. तिच्यात कुणीतरी आधीच जुनं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. सिमरोलहून भेरूघाट उतरून चोरल, बलवाडा, आणि संध्याकाळी परत, असा त्याचा वर्षभराचा फेरा होता.

ट्रॅक्टरवरून गजाननची बायको शशिकला उतरली. पदर खांद्यावर ओढून ती गॅरेजच्या दारातच उभी राहिली. मालक तुकोजी हात पुसत पुढे गेला.

"या वहिनी. सांगितलं असतं तर मीच आलो असतो ना."

"बडवाहचा एक जण घेतो म्हणतोय गाडी," ती म्हणाली. "पण क्लच नीट करून पाहिजे म्हणतो. गिअरच पडत नाही तिचा." मग तिची नजर मेटाडोरच्या चाकाशी गेली. "पंढरीभाऊजी बघतील का?"

तुकोजीने पंढरीनाथकडे पाहिलं. पंढरीनाथ उठला. गुडघे कटकन वाजले. "बघतो," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता जोंगाच्या बॉनेटकडे गेला.

*

पंढरीनाथ आणि गजानन चोवीस वर्षं एकाच प्रेसवर होते. कापडाच्या गाठी दाबून बांधायचा तो प्रेस, तेलाच्या दाबावर चालणारा, माडीच्या घराएवढा उंच. पंढरीनाथ फिटर आणि गजानन त्याचा जोडीदार. दोघांचे डबे एकाच खुंटीवर, सायकली एकाच दांड्याला. तुकोजी तेव्हा त्यांच्या हाताखाली तेलपाणी करायचा. मिलला कुलूप लागायच्या आधीच तो हुशारीने बाहेर पडला, आणि नंतर त्यानेच पंढरीनाथला गॅरेजात बोलावलं. अजूनही तो त्याला मिस्त्रीच म्हणायचा.

मिल बंद झाल्यावर वर्षभर दोघे फाटकापाशी जाऊन बसायचे. कुणी म्हणे दिल्लीचा माणूस घेणार आहे, कुणी म्हणे परदेशी मशिनं येणार आहेत. आलं कुणीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात एक भंगारवाला आला. प्रेस उतरवायला त्याला माहीतगार माणूस हवा होता. तो आधी पंढरीनाथच्या घरी गेला. पंढरीनाथने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, गजानन त्या कामावर गेला.

अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी पंढरीनाथ रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. ट्रेलरवर प्रेसचा लोखंडी दांडा आडवा घातला होता, प्रेत ठेवावं तसा, आणि त्याच्या डोक्याशी दोर धरून गजानन बसला होता. त्याने पंढरीनाथला पाहिलं आणि हात वर केला. पंढरीनाथने तोंड फिरवलं. त्यानंतर दीड वर्ष ते तोंड फिरलेलंच राहिलं. रमाने, त्याच्या बायकोने, नाना परींनी सांगून पाहिलं. "अहो, दोघांचीही मिल गेली. मग भांडण कसलं उरलंय?"

गजानन या वर्षी दोनदा गॅरेजात येऊन गेला होता. एकदा गणपतीत. तुकोजीने क्लचचा खालचा सिलिंडर खोलून त्याची रबरं बदलली, हवा काढली आणि गाडी दिली. दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर. तेव्हा पंढरीनाथ डिझेलने हात धूत होता. गजानन त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला.

"पंढरी," तो म्हणाला, "पायडल खाली बसतं रे. दाबलं की लागतं बरोबर, पण दाबून धरलं की हळूहळू बसतं. तेल कुठेच गळत नाही."

पंढरीनाथने मागे वळून पाहिलं नाही. "तुकोजीला सांग," एवढंच म्हणाला.

गजानन थोडा वेळ थांबला आणि मग तुकोजीकडे गेला. तुकोजीने पुन्हा हवा काढली.

भेरूघाटात गजानन गेला ती गुरुवारची गोष्ट. घाटात एक ट्रक आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गजाननच्या गाडीचा क्लच सुटत नव्हता, म्हणून दर वेळी इंजिन बंद करायचं, गिअर टाकायचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारून गाडी पुढे ढकलायची, असं तो करत होता. अशाने बॅटरी कितीशी टिकणार? ती उतरली. तेव्हा सवाऱ्यांना मागून ढकलायला लावून, स्वतः दाराच्या चौकटीला खांदा देऊन, एका हाताने स्टिअरिंग धरून त्याने गाडी बाजूला घेतली. मग जाऊन कठड्यावर बसला. सिमरोलला पोचेपर्यंत संपला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच खराब असेल, हे घरीही होऊ शकलं असतं. पंढरीनाथ पंचकुइयाच्या स्मशानात गेला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि गजाननच्या घरी न जाता परस्पर निघून आला.

*

"पायडल दाब आणि धरून ठेव," त्याने तुकोजीला सांगितलं.

तुकोजी ड्रायव्हरच्या जागी बसला. पंढरीनाथ गाडीखाली सरकला. खालच्या सिलिंडरकडे जाणारा रबरी पाइप त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालून पकडीने घट्ट चिमटला. आता तेलाला खाली जायला वाटच नव्हती. वरचा सिलिंडर, ज्याला मास्टर म्हणतात तो, धडधाकट असता तर पायडल दगडासारखं वर राहिलं असतं.

"बसतंय," तुकोजी वरून म्हणाला. "हळूहळू बसतंय, मिस्त्री."

"मास्टर. आतल्या आत तेल मागे टाकतोय. म्हणून बाहेर गळत नाही."

तुकोजी खाली वाकून म्हणाला, "गजाननभाऊंनी तर असंच सांगितलं होतं. धरून ठेवलं की बसतं म्हणून. माझ्या डोक्यातच नाही आलं. खालच्या रबरांचं किट मिळत होतं तर तेच बदलत राहिलो." आणि मग, "तुम्ही तर तिथेच उभे होते त्या दिवशी."

पंढरीनाथने पकड काढली आणि पाइप सोडला. "पाने दे," तो म्हणाला.

मास्टर सिलिंडर काढून त्याने बाकावर आणला आणि तेल एका वाटीत ओतलं. बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. क्लचलाही घालतात त्या ब्रेक ऑइलमध्ये कुणीतरी इंजिनचं तेल मिसळलं होतं. कुठल्यातरी गावात मिळेल ते ओतलं असणार. तसलं तेल रबराला फुगवतं आणि कुजवतं. म्हणजे आतलं रबरी वॉशर केव्हाच गेलेलं असणार. त्याने पिस्टन बाहेर ओढला.

पिस्टनवर रबर नव्हतंच. तिथे चामड्याचं वॉशर होतं.

हातानं कापलेलं, साच्यात दाबून वाटीसारखं वळवलेलं, कडेला धार दिलेलं. मिलमध्ये प्रेसची वॉशरं बाहेरून यायला उशीर झाला की ते दोघे अशीच करायचे. चामडं रात्रभर तेलात भिजत घालायचं, सकाळी लाकडी ठोकळ्यात दाबायचं, मग सुरीने कड उतरवायची. पंढरीनाथने वॉशर उजेडाकडे धरलं. कडेचा उतार डावीकडून उजवीकडे गेला होता. गजानन डावखुरा होता.

म्हणजे त्यालाही बिघाड सापडला होता. कुणी सांगितलं नाही तेव्हा त्याने स्वतः खोलून पाहिलं, किट मिळेना म्हणून घरी बसून हे कापलं. प्रेसच्या गुळगुळीत नळीत असं वॉशर महिनोन्महिने चालायचं. इथे सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते, बोट फिरवलं तर नखाला लागत होते. चामडं त्यावर घासून झिजलं होतं. आठ-दहा दिवस बरं चाललं असेल. तेवढे दिवस गजाननला वाटलं असेल, जमलं.

"काय मिळालं?" तुकोजीने विचारलं.

"काही नाही," पंढरीनाथ म्हणाला आणि वॉशर फडक्यात गुंडाळून त्याने खिशात ठेवलं.

नवा मास्टर मिळेना. बाजार खुला झाल्यापासून सियागंजची सुट्या भागांची दुकानं नव्या गाड्यांच्या डब्यांनी भरली होती. जुन्या फौजी गाडीचं नाव काढलं की पोरं हसायची. पंढरीनाथने दोन दिवस सियागंज पालथं घातलं. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने खालचा खण उघडून ट्रकच्या ब्रेकचं एक रबरी वॉशर काढलं. माप केसाएवढंही चुकत नव्हतं. पोलोग्राउंडच्या टोकाला एक लेथवाला होता, तोही एका मिलचा जुना टर्नर. त्याने सिलिंडर आतून कापून मोठा केला आणि त्यात पितळी नळी ठोकून पुन्हा मापाला आणली. रबरी पाइप आतून सुजला होता, तो नवा घातला. जुनं तेल पार धुऊन काढलं. शुक्रवारी सकाळी सगळं जागेवर बसलं. राहिली फक्त नळीतली हवा काढायची.

*

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर पायडल दाबायचं, दुसऱ्याने खाली तोटी उघडायची. तुकोजी पलासियाला बँकेत गेला होता. शशिकला गाडी झाली का ते बघायला आली होती आणि स्टुलावर बसून होती.

"वहिनी, जरा वर बसाल?" पंढरीनाथ म्हणाला. "मी सांगेन तेव्हा डाव्या पायाने दाबायचं. इतकंच."

"मला जमेल?"

"जमेल."

ती गजाननच्या जागेवर बसली. सीट मागे होती, पाय पुरेना, म्हणून पुढे सरकून अगदी कडेवर बसली. पंढरीनाथ खाली गेला. तोटीला त्याने बारीक नळी लावली आणि तिचं टोक काचेच्या बरणीतल्या तेलात बुडवलं.

"दाबा. सोडा. दाबा. सोडा. आता दाबून धरा."

त्याने तोटी उघडली. बरणीत बुडबुड्यांचा लोट उठला. तोटी बंद केली. "सोडा." पुन्हा तेच. खालून त्याला तिची चप्पल आणि पावलाचा थोडासा भाग दिसत होता. चार-पाच वेळा झाल्यावर बुडबुडे बारीक झाले.

"वहिनी," तो म्हणाला, "दसऱ्यानंतर गजानन आला होता इथे."

"माहीत आहे. धरून ठेवू?"

"धरा." त्याने तोटी उघडली नाही. "मला त्याने सांगितलं होतं, पायडल बसतं म्हणून. त्याच्या त्या एका वाक्यावरून मला कळलं होतं काय बिघडलंय ते. तेव्हाच. मी बोललो नाही."

पायडल दाबलेलंच होतं. बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"सोडू?" तिने विचारलं.

त्याने घाईने तोटी उघडली, बंद केली. "सोडा."

मग ती बोलली. आवाज नेहमीचाच होता. "त्या दिवशी घरी आले ते हसत आले. म्हणाले, पंढरी बोलला आज माझ्याशी. मी म्हटलं, काय बोलला? तर म्हणाले, 'तुकोजीला सांग' म्हणाला. एवढ्यावर खूश होते. दोनदा सांगितलं मला. म्हणाले, आता हळूहळू येईल लाइनवर."

पंढरीनाथने बरणीकडे पाहिलं. तेल स्वच्छ येत होतं. तरीही तो म्हणाला, "दाबा."

ती दाबत राहिली, तो तोटी उघडत-मिटत राहिला. एकही बुडबुडा येत नव्हता.

"त्या प्रेसचं तुमच्या मनात होतं ना," ती म्हणाली. "मला सगळे विचारायचे, कशाला गेले. घरात बसवत नव्हतं हो त्यांना. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. त्या माणसाने येऊन नाव घेतलं, म्हणाला तुमच्याशिवाय होणार नाही. मिल बंद झाल्यापासून कुणी असं म्हटलं नव्हतं. गेले. पहिल्या दिवशी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही, भाऊजी."

तो गाडीखालून बाहेर आला. पायडलच्या दांड्याचा ढिलेपणा त्याने मापून ठेवला. तो थोडा लागतोच, नाहीतर दाब आतच अडकून राहतो आणि क्लच घसरतो. हे काम त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ केलं. मग फडक्याने हात पुसत दाराशी आला.

"एकदा दाबून बघा," तो म्हणाला.

तिने दाबलं. पायडल सहज खाली गेलं आणि सहज वर आलं. तिने पुन्हा दाबून धरलं. ते जागचं हललं नाही.

"ते तर दोन-दोनदा, चार-चारदा हाणायचे," ती म्हणाली. "डावा गुडघा सुजायचा. रोज रात्री मी तेल लावून द्यायची." ती पायडलकडे बघत होती. "किती दिवसांचं काम होतं हे?"

"तीन," पंढरीनाथ म्हणाला.

"एवढंच?"

ती खाली उतरली, स्टुलावर जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. पंढरीनाथ तिथेच उभा राहिला. पाणी आणावं असं त्याला वाटलं, पण त्याचे हात तेलाने माखलेले होते आणि माठ तिच्या पलीकडे होता.

*

रविवारी गाडी बडवाहला पोचवायची होती. परका माणूस दारातून गाडी घेऊन गेलेला बघवणार नाही, म्हणून शशिकलेनेच सांगितलं, भाऊजी, तुम्ही चालवा. आणि निघताना स्वतःही येऊन बसली.

"ती जागा मी पाहिली नाही," ती म्हणाली.

"मीही नाही."

सिमरोल गेलं, घाट लागला. गाडी गुणी जनावरासारखी चालत होती. पंढरीनाथला वाटत होतं, कुठेतरी गिअर अडावा, कुठेतरी कुरकुर व्हावी. काही झालं नाही. एका वळणाच्या अलीकडे चहाची टपरी दिसली तशी त्याने गाडी बाजूला घेतली.

टपरीवाला गाडी बघूनच उठून उभा राहिला. "जोंगावाले बाबूजी की है ना?"

"मी त्यांची बायको," शशिकला म्हणाली.

त्याने गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला आणि पुढचा कठडा दाखवला. तिथे काहीच नव्हतं. दगड, दोन सुकलेली सागाची पानं, खाली दरीतलं झाडांचं रान. "यहीं बैठे थे. पानी माँगा. मैं लेके आया तब तक लुढ़क गए."

"काही बोलले का?" तिने विचारलं. मग हिंदीत, "कुछ बोले थे?"

टपरीवाल्याने आठवून पाहिलं. "बोले, सवारियों को दूसरी गाड़ी में बिठा दो. बाजार छूट जाएगा उनका."

शशिकलेने मान हलवली, जणू हेच असणार हे तिला ठाऊक होतं. ती जाऊन कठड्यावर बसली. पंढरीनाथ गाडीपाशी थांबला. खिशात हात घातला तर फडक्यातलं वॉशर लागलं. ते तिला द्यावं की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी तो गेला आणि तिच्या ओंजळीत ठेवलं.

"गजाननने केलं होतं. गाडीत बसवलेलं होतं."

तिने ते उलटसुलट पाहिलं. "आमच्या जुन्या पेटीचा पट्टा आहे हा," ती म्हणाली. "शोधत होते मी."

बडवाहला गाडी देऊन ते बसने परतले. सगळा वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. ड्रायव्हरने घाटात गिअर बदलला की पंढरीनाथचा डावा पाय आपोआप फळीवर दाबला जायचा.

सरवटे स्टँडवर उतरल्यावर ती थांबली. "भाऊजी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण माफ केलं असं मी नाही म्हणणार. माझं मला अजून कळत नाही."

"हो," पंढरीनाथ म्हणाला.

"महिन्याच्या श्राद्धाला या. रमावहिनींना घेऊन या. मिलमधलं कुणीतरी पाहिजे त्यांच्यासाठी."

एवढं बोलून ती स्नेहलतागंजच्या दिशेने चालू लागली, पिशवी काखेत धरून, गर्दीतून वाट काढत. पंढरीनाथ स्टँडच्या बाहेर उभा राहिला. घराकडे जाणारे तीन टेम्पो त्याच्यासमोर थांबले आणि कंडक्टरने हाका मारल्या. त्याने तिन्ही जाऊ दिले.